समुद्राकडे पाठ

मी रडलो नाही. हे आधीच स्पष्ट करतो, कारण मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या आमच्या सोसायटीत गेले वर्षभर जी कथा सांगितली जाते, तिचा सगळा डोलारा माझ्या रडण्यावर उभा आहे. कथा अशी: चौथ्या मजल्यावरचे काका, ज्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले आहे, त्यांना सोसायटीच्या मंडळींनी सहलीत उचलून समुद्रात नेले, काकांनी कित्येक वर्षांनी समुद्र पाहिला, आणि काका लहान मुलासारखे रडले. ऐकणारा इथे हळहळतो, सांगणारा क्षणभर थांबतो, आणि दोघेही आपापल्या चांगुलपणावर प्रसन्न होऊन आपापल्या मजल्यावर उतरतात. ही कथा मी लिफ्टमध्येच, माझ्या डोक्यावरून सांगितली जात असताना, एकाहून अधिक वेळा ऐकली आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून बोललेले त्याला ऐकू जात नाही, असा उभ्या माणसांचा दृढ समज असतो.

कथेला पुरावा म्हणून एक छायाचित्र आहे. ते सोसायटीच्या ऑफिसात, आग विझवण्याच्या लाल नळकांड्याच्या वर, चौकट करून लावलेले आहे. प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी बसलेलो, खुर्ची चौघांनी धरलेली, त्यांच्या कमरेपर्यंत पाणी, आणि माझे डोळे ओले. खाली सोनेरी अक्षरांत लिहिले आहे, ‘काकांचे समुद्रदर्शन’.

मी उभे आयुष्य एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात घालवले. लोक काय सांगतात ते मागाहून वाचायचे. फोटोत कोण कुठे उभे आहे आणि कोणाचे तोंड कोणीकडे आहे, ते आधी पाहायचे, ही माझी कामाची रीत होती. त्या रीतीने हा फोटो पाहा. क्षितिजाची रेषा माझ्या कानांमागून जाते. फोटो काढणारी व्यक्ती वाळूवर उभी आहे आणि मी तिच्याकडे पाहतो आहे. समुद्र, जेवढा काही आहे तेवढा, माझ्या पाठीमागे आहे. ज्याची पाठ समुद्राकडे आहे त्याला समुद्राचे दर्शन कसे घडले असेल, हा प्रश्न त्या चौकटीसमोर उभे राहून पाण्याच्या बिलाबद्दल तासन्‌तास भांडणाऱ्या एकाही पदवीधराला पडलेला नाही. त्या दिवशी मला जे दर्शन घडले ते आमच्या बसचे. बस पिवळी होती, कुठल्याशा शाळेची होती, आणि तिच्या खिडकीत कोणाचा तरी टॉवेल वाळत होता.

माझ्या पडण्याच्याही अशाच आवृत्त्या आहेत. कोणी म्हणतात मला हायवेवर ट्रकने उडवले, कोणी म्हणतात मी गच्चीच्या टाकीवरून कोसळलो. एका सद्गृहस्थाने तर मी कोणाला तरी वाचवताना पडलो असे त्यांच्या पाहुण्यांना सांगितले, आणि ते पाहुणे माझ्या पाया पडून गेले. वस्तुस्थिती अशी की मी दिवाळीआधी पंखा पुसत होतो. पलंगावर स्टूल ठेवले होते, स्टूल हलले, मी पलंगाच्या कडेवर पाठीने आपटलो, आणि मणका मोडून आतला मज्जारज्जू दुखावला. बेंबीच्या खाली तेव्हापासून मला काहीही जाणवत नाही. यात शौर्य नाही, ट्रकही नाही. परंतु लोकांना आपल्या शेजारी पंखा पुसताना पडलेला माणूस राहतो, हे पुरेसे वाटत नाही.

आता त्या सहलीकडे येतो.

दर वर्षी जानेवारीत सोसायटीची एक दिवसाची सहल निघते. गेल्या वर्षी उत्तनच्या बाजूला, किनाऱ्याला लागून असलेले एक रिसॉर्ट ठरले. सेक्रेटरी म्हणून आमच्याकडे एक उत्साही गृहस्थ आहेत. त्यांनी मला मोबाइलवर त्या रिसॉर्टची जाहिरात दाखवली. तीत चाकाच्या खुर्चीचे निळे चित्र होते. ‘काका, सगळी सोय आहे,’ असे ते म्हणाले, आणि मी, ज्याने आयुष्यभर छापील आश्वासनांखालची बारीक अक्षरे वाचली, त्या निळ्या चित्रावर विसंबून हो म्हटले. मला समुद्र पाहायचा होता. लहानपणापासून गिरगावात राहिलेला माणूस मी. चौपाटी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. मीरा रोडला आल्यावर समुद्र रिक्षाच्या अंतरावर गेला, आणि पडल्यावर तो पृथ्वीच्या पलीकडे गेला. मला त्याच्यासमोर बसायचे होते. एवढीच इच्छा होती, आणि ती मी सेक्रेटरींना स्पष्ट शब्दांत सांगितली होती.

रिसॉर्टमधली सोय अशी होती की अपंगांसाठीच्या शौचालयाच्या दारावर तेच निळे चित्र होते आणि दाराला कुलूप होते. किल्ली शोधून दार उघडले तेव्हा आत छतापर्यंत प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या. माझे मूत्राशय मला काही कळवत नाही. ठरावीक वेळाने नळी घालून ते रिकामे करावे लागते. ते काम मी स्वयंपाकघरामागच्या बोळात, पत्नीने धरलेल्या चादरीच्या आडोशाला उरकले. पलीकडे आमचे शेजारी कांदाभजी मागत होते. याचा फोटो कोणी काढलेला नाही.

वाळूपाशी आलो तेव्हा माझ्या खुर्चीची पुढची लहान चाके रुतली. यावर उपाय असतो. खुर्ची मागे झुकवून मोठ्या चाकांवर ओढत नेता येते, किंवा रिसॉर्टच्या अंगणातल्या लाकडी फळ्या वाळूवर टाकता येतात. मी तसे सांगू लागलो. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत एकाने शौचालयातून एक लाल खुर्ची आणली, दोघांनी मला बगलेत धरून तीत ठेवले, आणि चौघांनी ती उचलली.

त्या क्षणी मला ते हात ओळखू आले. गिरगावच्या आमच्या चाळीच्या गणपतीचा पाट धरून मी वर्षानुवर्षे पाण्यात उतरलो आहे. पाट धरण्याची रीत असते. एक हात तळाला, दुसरा कडेला. चौघांची पावले एकदम. आणि मूर्तीचे तोंड, जिथून ती निघाली त्या घराकडे. माझे हे चारही शेजारी भाद्रपदात दर वर्षी हेच करतात. पाण्यात काही जड वस्तू घेऊन उतरायचे म्हटल्यावर त्यांच्या हातांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती. डोके वापरायचे कोणाच्या मनात आले नाही. हात आपले काम करत गेले. मी किनाऱ्याकडे तोंड करून, पाठमोरा, समुद्रात चाललो होतो.

“मला वळवा,” मी म्हणालो.

“वळवू ना काका, आधी फोटो!”

“फोटो राहू द्या. समुद्र तिकडे आहे.”

“हो ना काका, मस्त आहे ना एकदम?”

“अहो, मला दिसत नाही!”

“काय? थंडी वाजतेय? आता जराच!”

लाटांचा आवाज होता, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. कमरेएवढ्या पाण्यात ते थांबले. त्यांच्यातल्या एकाने सवयीने ‘गणपती बाप्पा’ म्हटले, तिघांनी ‘मोरया’ म्हटले, सगळे हसले, आणि खुर्ची खाली गेली, वर आली. पुन्हा खाली गेली, वर आली. तिसऱ्या खेपेला मागून लाट आली आणि माझ्या डोक्यावरून गेली. डोळ्यांत खारे पाणी गेले. त्याच वेळी वाळूवरून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी फोटो काढला. माझे अश्रू ते हेच. ज्याला संशय असेल त्याने स्वतःच्या डोळ्यांत अरबी समुद्र ओतून पाहावा.

विसर्जनाहून परतताना पाटावर थोडी वाळू घेऊन येतात. ती मीही आणली, विजारीत. माझी स्वतःची खुर्ची आणि तिच्यावरची हवेची गादी तोपर्यंत बसच्या डिकीत गेली होती, आणि बसचा ड्रायव्हर जेवायला गेला होता. म्हणून मला त्याच लाल खुर्चीत, ओल्या कपड्यांत, मांडवात बसवण्यात आले. तिथे हौजीचा खेळ चालला. मी एक ओळ जिंकलो आणि मला स्टीलचा डबा मिळाला. माझ्या बसण्याच्या हाडांखाली ओले कापड, वाळू आणि कडक प्लॅस्टिक होते, आणि ते मला जाणवत नव्हते. दुसऱ्या कोणाला जाणवले असते तर तो चुळबुळला असता, उठला असता, त्याने कूस बदलली असती. मी डबा मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होतो.

हाडांवरचा भार सुटावा म्हणून पत्नीने मला दोनदा हातांवर रेटून स्वतःला वर उचलायला सांगितले होते, हे मान्य करतो. परंतु त्या खुर्चीचे हात माझ्या भाराने वाकत होते.

रात्री तिने कपडे बदलताना पाहिले तेव्हा कातडी लाल झाली होती. पुढे ती काळी पडली, मग उघडली. ज्याच्या शरीराला वेदना कळत नाही त्याला अशी जखम किती खोल जाते, हे मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी नंतर जेवायचे असेल. मी पोटावर पडून राहिलो. होळी मी पोटावर ऐकली, गुढीपाडवा पोटावर ऐकला. सकाळ-संध्याकाळ पत्नी जखम धूत असे.

सोसायटीने या घटनेचेही आपल्या पद्धतीने वाचन केले. ‘काकांना समुद्र बाधला.’ ‘खारा वारा, या वयात...’ ‘आनंद सहन झाला नाही हो त्यांना.’ भेटायला येणारे माझ्या उशाशी बसून मला हे समजावून सांगत. समुद्राने माझे काहीही बिघडवले नव्हते. समुद्राशी माझी गाठच पडली नव्हती.

यंदाच्या सहलीआधी, डिसेंबर संपता संपता, सेक्रेटरी आणि त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आले. पेढे पाहिल्यावरच मी सावध झालो.

“काका, या वर्षी पण पिकनिक तिकडेच करतोय,” सेक्रेटरी म्हणाले. “पण कमिटीचं म्हणणं पडलं, तुम्ही आराम करा. मागच्या वेळी तुम्हाला सोसलं नाही.”

“काय सोसले नाही?”

“समुद्र हो.”

“समुद्र मी पाहिलेला नाही.”

“असं काय करता काका!” बाई म्हणाल्या. “किती रडलात तुम्ही! मी समोरच होते. फोटो मीच काढला ना.”

“तुम्ही माझ्या समोर होतात. माझा मुद्दा तोच आहे.”

बाईंनी सेक्रेटरींकडे पाहिले. म्हातारा माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागला की लोक एकमेकांकडे जसे पाहतात, तसे.

“आपण असं करू काका,” सेक्रेटरी उत्साहाने म्हणाले, “आम्ही तिथून व्हिडिओ कॉल लावू. एकदम लाइव्ह. लाटाबिटा सगळं दाखवतो तुम्हाला.”

“कोणत्या बाजूने दाखवाल?”

“अं?”

“काही नाही. पुढे बोला.”

“म्हणजे बघा, काही झालं तर कमिटीवर येतं. जबाबदारी कोण घेणार?”

“मागच्या वर्षी कोणी घेतली?”

“मी घेतली,” स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला. भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला, जरा मोठ्याने.

यानंतर पाहुणे फार बसले नाहीत. पेढे मात्र ठेवून गेले.

ते गेल्यावर मी जाहीर केले की सहलीच्याच रविवारी मी समुद्रावर जाणार, माझ्या खुर्चीतून जाणार, आणि समुद्राकडे तोंड करून बसणार. पत्नी ओले हात पुसत बाहेर आली.

“तुम्हाला समुद्र बघायचाय की त्यांना हरवायचंय?”

“दोन्ही.”

“मग आधी माझं ऐका. ती जखम तुम्हाला दिसली नाही, दुखली पण नाही. मी बघितलीये. माझ्या बोटाचं अर्धं पेर आत जायचं.” तिने बोट दाखवले. “पुन्हा तसं झालं तर मी धुणार नाही, सांगून ठेवते.”

ती धुणार होती, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

“तुमची खुर्ची, तुमची गादी,” ती म्हणाली. “ओलं व्हायचं नाही. झालात तर तिथल्या तिथे परत. आणि कोणी उचलायचं नाही. कोणी म्हणजे कोणीही नाही.”

या अटी माझ्याच होत्या. तिने त्या आधी उच्चारल्या, इतकेच.

कोणत्या जागी जायचे हे मी ठरवले. पुळण सोडायची, म्हणजे वाळूचा प्रश्न मिटतो. तारोडीच्या पुढे कोळ्यांचा एक लहान धक्का आहे, तिथे पाण्यापर्यंत काँक्रीटचा उतार उतरतो, असे मला पूर्वी त्या बाजूला एका दाव्याच्या तपासणीसाठी गेलो होतो तेव्हापासून आठवत होते. पत्नीने शंका घेतली की तो अजून असेल कशावरून. मी म्हटले, लोकांच्या सोयीसाठी बांधलेल्या गोष्टी मोडतात, धंद्यासाठी बांधलेल्या टिकतात.

रविवारी सकाळी सहलीची बस खालून भोंगे वाजवत गेली. आम्ही नंतर निघालो. आमच्या इमारतीला उतरती फरशी आहे. ती माझ्यासाठी बांधली असे कमिटी म्हणते, पण तिच्यावर मोटरसायकली उभ्या असतात. वॉचमनने दोन हलवल्या. टॅक्सीचा प्रयत्न आधीच करून झाला होता. मोबाइलवर बोलावलेली गाडी दारात येते, ड्रायव्हर डिकी उघडून आतली गॅसची टाकी दाखवतो, खुर्चीकडे पाहतो, आणि जणू चूक आपलीच असल्यासारखे मान हलवून निघून जातो. शेवटी रिक्षाच.

रिक्षावाला मध्यमवयीन, तोंडात तंबाखू.

“चाचा, मैं उठा लेता हूँ ना. दो मिनट का काम है.”

“उठाना नहीं,” पत्नीने त्याला बजावले. “हम बोलेंगे तब पकड़ना. नहीं बोले तो नहीं पकड़ना.”

“अरे चाची, मैं तो मदद...”

“मदद पूछके करते हैं.”

तिचे हिंदी मीरा रोडला येऊन पक्के झाले आहे. मी फळी लावून खुर्चीतून सीटवर सरकलो. खुर्चीची मोठी चाके सुटी होतात. एक रिक्षावाल्याने स्वतःच्या पायांशी ठेवले, दुसरे पत्नीने मांडीवर घेतले, आणि सांगाडा आमच्या गुडघ्यांपुढे अडकवला. भाईंदर ओलांडून राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी अशा रस्त्याने आम्ही निघालो. प्रत्येक गतिरोधकाला ती चाक छातीशी धरत होती. एका सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या माणसाने तिच्याकडे बघून विचारले, “पंक्चर आहे का?” ती म्हणाली, “नाही, नवीन घेतलं.” मी हसलो नाही. रिक्षावाला हसला.

उतार होता. मी सांगितल्याप्रमाणे होता, ही नोंद व्हावी. मासळीच्या हातगाड्या आणि बर्फाचे खोके वर-खाली करण्यासाठी बांधलेला, रुंद, खडबडीत, कडेला बोंबील वाळत घातलेल्या काठ्या. अपंगांची सोय म्हणून त्यावर कुठेही निळे चित्र काढलेले नव्हते, त्यामुळे तो वापरता येण्याजोगा राहिला होता. परंतु माझ्या आठवणीपेक्षा तो उभा होता. माझ्या आठवणीतला उतार मी पायांनी उतरलो होतो.

चाकाच्या खुर्चीतून तीव्र उतार उतरण्याचा नियम आहे. तोंड पुढे करून उतरले तर माणूस खुर्चीतून समोर सांडतो. म्हणून खुर्ची उलटी फिरवायची, मागे एकाने मुठी धरायच्या, आणि बसलेल्याने चाकांच्या कड्या हातात धरून थोडे थोडे सोडत मागे जायचे. हे मला हॉस्पिटलात पुन्हा पुन्हा शिकवले होते. मी रिक्षावाल्याला मागे उभे राहायला सांगितले, खुर्ची वळवली, आणि पुन्हा एकदा किनाऱ्याकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ करून, खाली जाऊ लागलो.

पत्नी वर उभी होती. तिच्या तोंडावर जे आले ते मला दिसले, कारण मला दुसरे काही दिसतच नव्हते.

“पुन्हा पाठच?” ती म्हणाली.

“थांब जरा.”

“मोरया म्हणू का?”

“गप्प बैस.”

ती पदर तोंडाला लावून हसत होती. रिक्षावाल्याला काही कळले नाही, पण तो मुठी घट्ट धरून होता आणि दर पावलाला ‘आराम से, आराम से’ म्हणत होता, बहुधा स्वतःला. माझे तळहात भाजून निघत होते. मागून वास येत होता, वारा येत होता, लांबून पाण्याचा आवाज येत होता, आणि समोर होती आमची रिक्षा. अर्धीच पिवळी होती, एवढाच मागच्या वर्षीच्या दर्शनाशी फरक.

जमीन सपाट झाली. मागची चाके ओल्या काँक्रीटवर थांबली. रिक्षावाल्याने मुठी फिरवायला हात उचलला.

“छोड़ो!” वरून पत्नी ओरडली. “हात नहीं लगाना!”

त्याने चटका बसल्यासारखे हात काढले आणि वर निघून गेला. मी उजवे चाक पुढे ढकलले, डावे मागे ओढले. खुर्ची जागच्या जागी वळली. चौघांना जे पाण्यात उभे राहून जमले नाही ते एवढेच होते.

समोर काय होते, ते अतिशयोक्तीशिवाय सांगतो. ओहोटी होती. चिखल होता, त्यात कलंडलेल्या दोन होड्या, जाळ्याचे निळे तुकडे, बाटल्या, एक चप्पल. पाणी मातकट होते आणि बरेच लांब होते. सूर्यास्त वगैरे काही चालू नव्हता. भर दुपार होत आली होती. चित्रकाराने या दृश्याकडे वळूनही पाहिले नसते. पण ते माझ्या डोळ्यांपुढे होते, कानांमागे नव्हते, आणि मला कोणीही धरलेले नव्हते.

“ओ बाबा!” डाव्या बाजूने आवाज आला. डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण कमरेवर हात ठेवून उभी होती. “खुर्ची बाजूला घे. खोके यायचं हाय आमचं. हितं बसाया जागा न्हाय.”

“आत्ताच आलो आहे,” मी म्हणालो.

“आला त मी काय करू? मधीच बसलाय! कडंला हो. दर्या काय पलून जात न्हाय.”

“मी इथे बसण्याने तुमचे काय अडते? खोके बाजूने जातील.”

“तू उचलतं खोके? न्हाय ना? मंग हट.”

आमचे चांगले भांडण झाले. मी धक्का कोणाच्या मालकीचा आहे असे विचारले, तिने माझ्या अकलेबद्दल विचारले. मी हातभर सरकलो, तिने आणखी हातभर सरकायला लावले. पडल्यापासून इतक्या वर्षांत माझ्याशी असे कोणी बोललेले नव्हते. सगळे ‘असू द्या काका’, ‘राहू द्या काका’ म्हणतात, माझ्यासमोर आवाज खाली घेतात. हिने मला रस्त्यातला अडथळा मानले, आणि मी होतोही. मला ते मनापासून आवडले. देवाला कोणी बाजूला हो म्हणत नाही.

कडेला सरकून मी बसलो. ठरावीक वेळाने दोन्ही हातांवर रेटून स्वतःला गादीवरून उचलत राहिलो, कारण वरून पत्नी ‘उचला’ म्हणून ओरडत होती. खोके गेले. कोळीण गेली. पाणी हळूहळू जवळ येऊ लागले. मी बसून राहिलो.

घरी आल्यावर तिने सगळ्यात आधी कातडी तपासली. आरसा धरून मलाही दाखवली. कुठे लालही नव्हते. “जिंकलात,” ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

तिने वरून एक फोटो काढला होता. तो मी सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला. त्यात उतार आहे, खुर्चीची पाठ आहे, माझे टक्कल आहे, आणि त्याच्यापुढे सबंध समुद्र आहे. मंडळी तेव्हा बसमधून परत येत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी लगेच लिहिले, ‘काका, तुमचा चेहराच आला नाही! फोटो उलटा काढलाय.’ सेक्रेटरींनी लिहिले, ‘पुढच्या वर्षी आपण नीट काढू.’ आणि आता, ऐकतो ते असे, की सोसायटीच्या सहलीतून मिळालेल्या प्रेरणेने काका एकटे समुद्रावर जाऊन आले, अशी कथा ‘क’ विंगमध्ये सांगितली जाऊ लागली आहे. तिच्याही शेवटी मी रडतो म्हणे.

त्याबाबत वस्तुस्थिती अशी: पत्नी वर होती, तिला माझी पाठ दिसत होती. रिक्षावाला तिच्या शेजारी तंबाखू मळत होता. कोळीण होती तोवर खोके मोजत होती आणि तिला माझ्याकडे पाहण्यात रस नव्हता. फोटोत माझा चेहरा नाही. तेव्हा त्या दुपारी मी रडलो की नाही यासंबंधी एकाही साक्षीदाराचा जबाब उपलब्ध नाही, आणि माझा मी देणार नाही.